मगर वाढत का नव्हती

आखातात रास अल खोरला आमचं फ्रोझन मालाचं गोदाम होतं. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं ते चालवायचो. मी ऑफिस बघायचो आणि माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कोल्ड स्टोअर. लायसन्स स्थानिक अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, नावावर होतं. हा अरबाब एक दिवस पिकअपमधून भलामोठा प्लास्टिकचा टब घेऊन आला. टबात मगरीचं पिल्लू. कुणीतरी आफ्रिकेतून भेट म्हणून आणलेलं, आणि त्याच्या बायकोनं ते घरात येऊ दिलं नव्हतं.

"बच्चा है," तो म्हणाला. "बड़ा होगा, फिर फार्म पे ले जाएगा."

गोदामामागच्या खोलीत सिमेंटचं टाकं बांधलं. रोज एक कोंबडी दाजींनी घालायची, असं ठरलं.

मगर काळपट, बसक्या तोंडाची, शेपटीसकट शाळकरी मुलाएवढी. दिवसभर कोपऱ्यात दडून बसायची. वर्ष उलटलं तरी ती होती तेवढीच. अरबाब आला की टाक्यात वाकून बघायचा आणि मग माझ्याकडे. "यह खाता है कि नहीं?"

खात नसेल तर कोंबड्या जातात कुठे? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो निघेना. मी टाक्याच्या भिंतीवर रंगाची रेघ मारली, मगरीचं नाक कुठवर येतं ते बघायला. नाक रेघेपुढे सरकलं नाही. मग वाटलं, दाजींनी मोठी झालेली मगर विकून दुसरी लहान आणून ठेवली असेल. म्हणून बायकोच्या नेलपॉलिशनं शेपटीवर ठिपका दिला. बायको म्हणाली, "माझ्या नखांना कधी हात लावला नाहीत एवढ्या प्रेमानं!" ठिपका जागेवरच राहिला. म्हणजे मगर तीच होती. पण माझं समाधान झालं नाही. उलट कोंबड्याच चोरीला जातात, याची खात्री पटली. त्या आठवड्यात दाजींच्या डब्यात चिकनचा रस्सा होता. आधीही कितीदा असायचा. आता मी त्याचा वास घ्यायला लागलो.

एकदा ते त्या खोलीतून कोंबडी परत घेऊन येताना दिसले.

"हे काय, दाजी?"

"अहो, ती रोज खातच नाही. बळंच टाकलं तर पाणी सडतं. परत ठेवतो."

"परत कुठे?"

"फ्रीजरात. नाहीतर काय डोक्यावर?"

उत्तर मला फारच तयार वाटलं.

पुढच्या खेपेला अरबाबानं विचारलं, "खिलाता कौन है?" मी फक्त दाजींकडे बघितलं. आमच्या घरी बहिणीच्या नवऱ्याचं पान पहिलं वाढतात, त्यानं घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्या माणसाकडे मी परक्यासमोर असं बघितलं.

"खलास," अरबाब म्हणाला.

दाजींचं काम गेलं. त्यांनी शारजात दुसरी नोकरी धरली. गोष्ट मात्र त्यांच्याआधी सगळीकडे पोचली. तिथल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गणपतीच्या पंगतीत ते बसले की कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, मोदक मोजून ठेवा हं, मगरीच्या तोंडचं काढणारे आलेत!" दाजी खाली बघून जेवायचे. बहीण वाढता वाढता थांबायची. हसणाऱ्यांत मीही होतो.

मगर आता माझ्या ताब्यात होती. मी तिला रोज कोंबडी घातली, खाल्ली नाही तरी टाक्यातच राहू दिली. पाण्याला वास यायला लागला. उन्हाळ्यात ती मेली. अरबाबाला मी सांगितलं, पहिल्यापासून उपाशी ठेवली होती, त्यानं मेली.

दोन हजार सालानंतर भाची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. तिनं माझ्याकडे त्या मगरीचा फोटो मागितला. बराच वेळ बघून म्हणाली, "मामा, धिस इज नॉट अ बेबी. शी इज फुल्ली ग्रोन."

मग तिनं समजावलं. ही ड्वार्फ क्रोकोडाइल, मगरींमधली सगळ्यात लहान जात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या पावसाळी जंगलांत, छोट्या ओढ्यांकाठी बिळांत राहते. एवढीच असते, आणि रोज खातही नाही. जंगलं तुटतात, मांसासाठी शिकार होते, म्हणून धोक्यात आलेल्या प्राण्यांत तिची नोंद आहे. जंगलातून पकडून दुसऱ्या देशात विकायला बंदी आहे.

"सो बाबा वॉज टेलिंग द ट्रूथ?"

मी म्हणालो, "झालं ते झालं, बेटा. चहा घे." तिनं चहा घेतला नाही.

पुढच्या शुक्रवारी शारजात अल मजाजला त्यांच्या घरी गेलो. दाजींनीच दार उघडलं. मी सगळं सांगितलं: रेघ, ठिपका, सडलेलं पाणी, अरबाबाशी बोललेलं खोटं.

"मला कशाला सांगता?" ते शेवटी म्हणाले. "मी काही घेतलं नव्हतं, हे मला माहीतच होतं. पंगतीत सांगा."

"सांगतो."

"गणपतीत सांगा. सगळे असतात."

त्या गणपतीत मी आजारपणाचं निमित्त काढून घरी बसलो. पुढच्याही. मग दाजी भारतात परतले, पंगत पांगली. त्या पंगतीतल्या ज्यांच्या हाती हे पडेल त्यांनी वाचावं, आणि इतरांना सांगावं: दाजींनी मगरीच्या कोंबडीतला एक तुकडाही घेतला नव्हता. ती मगर माझ्या हातून मेली.