मागच्या पाण्यातली मरळ

बिदरहून टेम्पो आला तेव्हा पेंडीच्या पोत्यांवर दोरीनं आवळलेली ती पिवळी होडी बघायला अर्धा गाव जमला. पेंड अण्णानं मागवली होती, होडी मी. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं होडीवर टकटक करून बघितलं आणि विचारलं, "हे काय, म्हसरांना पाणी पाजायचं टाकं हाय का?"

"कायक म्हणतेत हिला. मी मासे धरणार हाय हिच्यात बसून."

लोक हसले. अण्णा हसला नाही. त्यानं माझ्या उजव्या पायाकडं बघितलं.

दीड वर्षाची असताना पोलिओनं तो पाय गेला. तेव्हापासून पायाला चामड्या-लोखंडाचं कॅलिपर आणि काखेत कुबडी. मी बसवकल्याणला शाळेत गणित शिकवते. बसच्या पायरीवर कुणी ना कुणी न विचारता माझा दंड धरतंच. त्या हातांचा मला किती राग येतो, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

होडी मला दिसली ती शाळेच्या सहलीत. एका तलावावरचं बोटिंग बंद पडलं होतं आणि अशा चार-पाच होड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलं जेवत होती. मी राखणदाराला एक आडवी करायला लावली आणि आत बसले. खुर्चीत, बसमध्ये, जेवायला बसताना मला तो पाय कुठंतरी सारावा लागतो. इथं दोन्ही पाय समोर सरळ टाकायचे आणि काम सगळं हातांचं. जेवणं उरकून मुलं हाका मारायला लागली तरी मी उठले नाही.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला धरणाचं मागचं पाणी पसरतं. कमरेएवढं उथळ, पाणकणीस आणि बेशरमीच्या झुडपांनी दाटलेलं. तिथं जाळं चालत नाही, मोठी नाव शिरत नाही. एक म्हातारे भोई थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून तिथं गळ टाकायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. शिकवाल का, असं विचारलं तर त्यांनी आधी होडीभोवती चक्कर मारली, मग मला निरखलं.

"हिला पाय लागंनात. खांदे लागतेत," ते म्हणाले. "तुझे हायेत."

कुबडीनं घडवलेले माझे खांदे तोवर कुणी बघितलेच नव्हते.

पहिल्याच रविवारी मी बुडाले. वल्हं झुडपात अडकलं, होडी उलटली आणि कॅलिपरच्या लोखंडानं मला गाळात ओढलं. ते काढून ठेव, असं मामांनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण काठावर गुरं राखणारी माणसं होती आणि उघडा पाय मी कुणाला दाखवत नसे. मामांनी केसांना धरून मला वर काढलं.

घरी कळायचं ते कळलं. अण्णानं त्याच संध्याकाळी होडी अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"किल्ली दे."

"न्हाई. मरायला कामून जायलीस? लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं लोकांपाशी. किल्ली दे, अण्णा."

"न्हाई म्हणलो ना!"

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याला घेऊनच आले. त्यानं अंगणात कटर सुरू केला. ठिणग्या उडायला लागल्या तशी शेजारची दारं उघडली. अण्णा बाहेर आला आणि वेल्डिंगवाला थांबला.

"अक्का, काय करू?"

"काप," मी म्हणाले. "होडी माझी हाय. जीव बी माझाच हाय."

साखळी तुटून पडली. अण्णा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या रविवारी मी तरंगायचं जाकीट चढवलं, काठावर बसले, सगळ्यांदेखत पट्टे सोडले आणि कॅलिपर बाभळीच्या फांदीला टांगलं. गुराखी बघत होते. बघू देत. तो काडीसारखा पाय हातानं उचलून होडीत ठेवला आणि वल्हं मारलं.

मरळ मासा असूनही हवा घ्यायला वर येते. पानांत 'गप्' असा आवाज होतो. वल्हं मांडीवर ठेवून गप्प राहायचं आणि आवाजाच्या थोडं पुढं गळाला लावलेला रबरी बेडूक टाकायचा. एवढंच मामांनी शिकवलं. कित्येक रविवार मी रिकाम्या हातानं परतले. त्यातच एकदा धरणातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्याचा माणूस बांधावरून ओरडला, "अक्का, पाणी आमच्या ठेक्यातलं हाय. आन् बाईमाणसानं, त्यात तुमच्यासारख्या..."

"माझ्यासारख्या म्हंजे कसल्या?"

"तसं न्हाई, पण ठेका आमचा हाय," तो म्हणाला.

"गळाला मनाई हाय असं लिहिलेला कागद दाखव. मग जाते."

कागद त्याच्याकडं नव्हता. पण मला कुणाच्या मेहरबानीवर पाण्यात उतरायचं नव्हतं. मी मासेमारीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता कन्नडमधून विचारलं, "परवाना यारिगे?" कुणासाठी? नवऱ्यासाठी की भावासाठी, असंच त्याला वाटलं असणार.

"ननगे," मी म्हणाले. मलाच.

त्यानं मान वर केली. तीन खेपा घातल्या, पण माझ्या नावाचा परवाना घेऊनच आले.

त्यानंतरच्या थंडीत पहिली मरळ लागली. दोरी अशी ताणली की होडीच तिच्या मागं निघाली, थेट झुडपात. पानं तोंडावर आपटत होती. काठावरून मामा ओरडले, "सोडू नगंस!" मी दात आवळून दोरी धरून राहिले. ती दमली तशी मी तिला होडीत ओढून घेतली. माझ्या दंडाएवढी होती, पोट पांढरं, पाठ काळी. त्या दिवशी मी खूप हसले, मामाही हसले. घरी वहिनीनं कालवण केलं. अण्णानं ताट पुढं ओढलं, खाल्लं, आणि एवढंच म्हणाला, "तिखट जरा कमी हाय."

होडीत बसू नको हे त्याचं अजून चालूच आहे, आणि माझं जाणंही.

गेल्या पावसाळ्यात पाणकणसाच्या कडेला मला पाण्यावर मरळीच्या तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला. घोळका खालून उकळल्यासारखा हलत होता. त्याच्याखाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ पडलेल्या कशावरही तुटून पडतात. बेडूक टाकला असता तर मरळ हमखास लागली असती, आणि पिल्लं उघडी पडली असती. मी दोरी गुंडाळली.

ठेकेदाराचा तोच माणूस बांधावर उभा होता. "अक्का, सोडलीस? टाक की!"

"आज न्हाई धरायची."

"कामून?"

"माझी मर्जी," मी म्हणाले, आणि होडी वळवून पुढच्या झुडपांकडं निघाले.