एका कागदावर एकच माणूस

तमाम नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की प्रस्तुत लेखक गेली अठ्ठावीस वर्षे सुरत शहरात राहत असून तो सुरतेत राहत नाही. हा शोध लेखकाचा नव्हे. तो एका शुक्रवारी दुपारी दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या कारकुनाने लावला, तोही मावा चघळत, मान वर न करता.

त्या दिवशी माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, पोलिसांच्या ताब्यात होते. गुन्हा ऐका. रविवारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा. नवागामच्या आमच्या गल्लीत मांडव घालायचा म्हणजे बांबू कुणाच्या ना कुणाच्या दारात येणारच. तो आला शेजारच्या पोराच्या मोटारसायकलीपुढे. पोर कसलं, चाळिशीचा घोडा. पण आईजवळ राहतो म्हणून गल्लीला अजून पोरच. त्याने बांबू उपटला. दाजींनी तोच बांबू त्याच्या पाठीत घातला. कुणीतरी फोन केला, पोलिसांची गाडी आली आणि दोघांना एकाच बाकावर बसवून घेऊन गेली.

आता कायदा सांगतो, कारण तो मला त्या दिवशी चार जणांनी चार वेळा समजावला. ज्याच्या हातून शांतता मोडेल अशी भीती वाटते, त्याने वर्षभर नीट वागेन असं लिहून द्यायचं. पण नुसता त्याचा शब्द चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याला जामीन राहायचं आणि सही करून सांगायचं, की हा पुन्हा भांडला तर ठरलेली रक्कम माझ्याकडून वसूल करा. जामीनदार मिळाला तर माणूस घरी, नाहीतर तुरुंगात. कचेरी सहाला बंद. पुढे चौथा शनिवार, मग रविवार. म्हणजे सहाच्या आत कुणी उभं राहिलं नाही, तर मुलीच्या साखरपुड्याला बाप नाही. नंदुरबारच्या पाहुण्यांना काय सांगायचं, हे ताई मला विचारू लागली.

मी मात्र निर्धास्त होतो. माझ्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, गावच्या शेताचा सातबारा होता. आम्हा खानदेशी माणसांची ही पक्की समजूत, की सातबारा दाखवला की जगातलं कुठलंही दार उघडतं. मी तो कारकुनापुढे असा ठेवला, जसा राजाने मुकुट काढून ठेवावा. त्याने एका बोटाने तो उलटा केला, सुलटा केला आणि परत सरकवला.

"आ नहीं चाले. लोकल जोईए."

लोकल म्हणजे सुरतेतलीच मालमत्ता हवी. मी म्हटलं, साहेब, हे शेत तापीकाठी आहे. तेच पाणी वाहत खाली येतं आणि तुमच्या नळाला लागतं. पाणी आमच्याकडचं चालतं, शेत चालत नाही? त्याने मावा गालात फिरवला. मग मी नवागामच्या घराचा कागद काढला. स्टँप पेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. आमच्या जवळजवळ सगळ्या गल्लीने घरं अशीच घेतली आहेत. नोंदणी झालेली नाही आणि घरपट्टी अजून कुण्या जुन्या जमीनमालकाच्या नावाने येते. ती भरतो आम्हीच, आणि भरायला उशीर झाला तर नोटीसही आमच्याच दाराला चिकटते. कारकून म्हणाला, कागदावर तुम्ही तिथे राहतच नाही.

माझं डोकं फिरलं. उधन्याच्या मागांवर अठ्ठावीस वर्षं उभा आहे. त्या खडखडाटाने एक कान गेला. या शहराने विकलेल्या किती साड्या माझ्या हाताखालून गेल्या असतील, देव जाणे. मत द्यायला मी इथला, पट्टी भरायला इथला, आणि माझ्या सख्ख्या दाजींसाठी सही करायला परका? हे सगळं मी मोठ्याने बोललो. शिपायाने मला दंडाला धरून हळूच बाहेर आणलं. माझ्यापासूनही शांतताभंगाची भीती आहे, असं तो म्हणाला.

बाहेर पिंपळाखाली एक इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ भेटला. त्याच्याकडे सगळे कागद होते, लोकल, नोंदणीचे. दाजींना आपण दहा वर्षं ओळखतो, असं तो पैसे घेऊन लिहून द्यायला तयार होता. फक्त त्यांचं नाव काय, एवढं सांगा म्हणाला. म्हणजे मी ओळखतो म्हणून खोटा आणि हा ओळखत नाही म्हणून खरा. मी त्याला काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

पाच वाजून गेले होते. पायरीवर त्या पोराची आई, आमची शेजारची मावशी, नंबर यायची वाट बघत सकाळपासून बसून होती. तिच्या नवऱ्याने हयातीत घराची रीतसर नोंदणी केली होती. त्या खर्चावरून गल्ली त्याला हसली होती. तोच कागद मांडीवर घेऊन ती मुलासाठी आली होती. पण एका कागदावर एकच माणूस सुटतो. पाठीमागे शिक्का मारतात, मग तो दुसऱ्यासाठी चालत नाही. मावशीने ताईला विचारलं, पाहुणे किती वाजता येणार. ताईने सांगितलं, दहाला. मावशी उठली, पदर खोचला आणि आत गेली. आम्ही मागोमाग.

तिने कागद टेबलावर ठेवला आणि दाजींकडे बोट दाखवलं. दंडाधिकारी साहेबांना वाटलं, म्हातारी गोंधळली. त्यांनी सावकाश समजावलं, की याने वर्षभरात पुन्हा भांडण केलं तर रक्कम तुम्हाला भरावी लागेल. तिने मान हलवली. तुमच्याच मुलाला याने मारलं आहे, हे ठाऊक आहे ना? तिने परत मान हलवली. शेजारी तिचा मुलगा उभा होता, तोंड उघडं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की पोटचा मुलगा समोर असताना तुम्ही या माणसाची हमी का देता?

मावशी आपल्या अहिराणीत म्हणाली, "यानी हमी मी देस, साहेब. मना पोऱ्याना भरोसा मालेच नही."