डेमोतलं रडणं

पुण्यातल्या त्या स्टुडिओत जे झालं त्याचा राग मला अजून येतो. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

मी महाडला एका क्लासमध्ये मराठी शिकवते आणि तालुक्यातल्या कार्यक्रमांचं निवेदन करते. आवाज चांगला आहे, जाहिरातींना दे, असं बरेच जण म्हणायचे. त्या कामासाठी आधी डेमो लागतो, म्हणजे आपल्या आवाजाचे निरनिराळे तुकडे जोडलेलं छोटं रेकॉर्डिंग. ते करून देणारा एक माणूस पुण्यात आहे असं कळलं, म्हणून एका रविवारी ताम्हिणी घाटातून गेले.

साबणाची जाहिरात वाचली, बँकेची वाचली, मुलांची एक गोष्ट वाचली. दर वेळी काचेपलीकडून तो म्हणायचा, "मॅडम, सूर गावाकडचा लागतोय. जरा शहरी करा." मी करत गेले. तीन तासांनी मला माझाच आवाज ओळखू येईना.

मग त्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या म्हणालात?"

"पोलादपूर."

"म्हणजे त्या दरड कोसळलेल्या तळीयेच्या बाजूच्याच. मग एक पीस तसा करू. दरडीखाली घर गेलेली बाई. आता गावाकडचा सूर येऊ दे बिनधास्त. भावनिक काही असलं की क्लायंट थांबून ऐकतो."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. त्याच पावसात आमच्या तालुक्यातही डोंगर खाली आले होते आणि आईची चुलत बहीण त्यात गेली होती. हे मी त्याला सांगितलं नाही. माइकसमोर उभी राहिले आणि रडले. खरंच रडले. तो म्हणाला, "एका टेकमध्ये. मस्त." आणि त्या रडण्याखाली बासरी लावली.

घरी आल्यावर आईला डेमो ऐकवला. ती सुपात नाचणी निवडत होती. साबण, बँक, गोष्ट सगळं तिने ऐकलं. शेवटच्या तुकड्याला तिचा हात थांबला.

"हे कोण रडतंय गो?"

"मीच."

"कोणासाठी?"

मी डेमो बंद केला. ती म्हणाली, "तुझ्या मावशीला घेऊन गेलीस तू बाजारात," आणि सूप उचलून आत गेली.

मी त्या माणसाला फोन केला, तो तुकडा काढून टाका म्हटलं. तो हसला. "अहो, तोच तर तुमचा बेस्ट पीस. मी माझ्या पेजवर टाकलाय. लोकांना आवडतोय."

मला न विचारता. दुसऱ्या दिवशी क्लासला दांडी मारून मी पुन्हा पुण्याला गेले. त्याच्याकडे दोघं-तिघं गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोरच म्हटलं, "माझ्यासमोर काढा, मग मी जाते."

"मॅडम, एवढं काय त्यात? अ‍ॅक्टिंगच आहे ना?"

"नव्हती ती अ‍ॅक्टिंग. माझ्या घरातलं माणूस गेलंय. तुम्ही बासरी लावलीत त्याला."

गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघायला लागली. त्याने मान खाली घालून फोन काढला आणि तुकडा पुसला. माझी माफी मागितली नाही. मीही थांबले नाही.

नवा डेमो मी घरीच केला. आवाज घुमू नये म्हणून दोन बाजूंना गोधड्या टांगल्या, दुपारी आळीत सामसूम झाली की दार लावून बोलायचं. एका मिनिटात तीनच तुकडे ठेवले. सगळ्यात बरा जमलेला पहिला, कारण ऐकणारा पुढचं ऐकेलच असं नाही. संगीत लावलं नाही. भाताच्या बियाण्याची जाहिरात मी आमच्याच बोलीत केली: "गो बाय, बी चांगला हाय का नाय, ता आधी बघ."

तो मी बऱ्याच ठिकाणी पाठवला. चार महिने कोणाचं उत्तर आलं नाही. मग सांगलीकडच्या एका फवारणी पंप बनवणाऱ्याचा फोन आला. पंप कसा वापरायचा याची माहिती कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी रेकॉर्ड करायची होती. ते काम मी केलं, पुढे आणखी दोन मिळाली.

पण रडण्याचा तो तुकडा त्याच्या पेजवर दिवसभर तरी होता. कोणी उतरवून घेतला असेल, कुठल्या जाहिरातीखाली चिकटवला असेल, मला कळायचा मार्ग नाही. आई माझी कामं आता शेजारणींना ऐकवते. त्या रडण्याबद्दल मात्र आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.