उरलेली चकती

आमच्या कारखान्याच्या आतल्या फाटकापलीकडे लोखंडाला बंदी होती. बारूद भरायच्या इमारती तिकडे होत्या, आणि लोखंड आपटलं की ठिणगी उडते, एवढं शास्त्र आम्हा सगळ्यांना पुरेसं होतं. हातोड्या पितळेच्या, बुटांना खिळे नाहीत, ब्लाउजला हुकांऐवजी कापडी बंद. बायकांची झडती घ्यायला एक जिज्जी होती. जबलपुरात थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, आणि ही अख्ख्या फाटकाची थोरली बहीण होती. अंबाड्यात बोटं घालून ती पिन काढायची, कागदाच्या पुडीत बांधायची, वर आमचा टोकन नंबर लिहायची आणि सुटीच्या भोंग्याला ज्याची पुडी त्याच्या हातात ठेवायची. इतक्या वर्षांत कुणाची टाचणीसुद्धा आपल्याकडे राहिली नाही, याचा तिला फार अभिमान होता. मला तर ती शिस्त इतकी अंगवळणी पडली की देवळाच्या पायरीवरही माझा हात केसांकडे जायचा. आई म्हणायची, "काहून पिना काढून राहिली? देव काही तुझी झडती नाही घेत."

मी तपासनीस होते. आमच्या विभागात पायाखाली फुटणारे सुरुंग जुळवले जात. प्लॅस्टिकचे, बूटपॉलिशच्या डबीएवढे. आत धातू म्हणाल तर सुईच्या टोकाइतका, त्यामुळे जमिनीत पुरल्यावर डिटेक्टर फिरवून ते सापडत नसत. याची आम्हाला फुशारकी होती. असल्या कामाला हात कसे धजले, असं आता भाच्या विचारतात. खरं सांगते, तेव्हा तसं मनातच यायचं नाही. कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्या, आईची औषधं, धाकट्या भावाची कॉलेजची वर्षं, यातच डोकं गुंतलेलं असे. मी काही साधू नव्हते, आजही नाही.

पुढे भाऊ फौजेत गेला, आणि नेमका सुरुंग पुरणाऱ्या तुकडीत. पहिल्या सुटीत त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं तिथे काम करून माझ्या लक्षात आली नव्हती. पुरणारे तेच असतात आणि तणाव सरला की काढणारेही तेच. नकाशावर खुणा असतात, पण पाऊस झाला की माती सरकते आणि माल खूण सोडून जातो. त्या दिवसापासून आमच्या डबीचं न सापडणं मला खुपायला लागलं.

अशात एक दिवस साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून सरकारी कागद वाचून दाखवला. जिनिव्हात बसून देशांनी ठरवलं होतं की डिटेक्टरला न सापडणारा सुरुंग यापुढे कुणी बनवायचा नाही, आणि आपल्या देशाने ते मान्य केलं होतं. सुरुंग मुळीच नकोत, असाही एक करार दुसऱ्या देशांनी केला होता. त्यावर आपली सही नव्हती. म्हणजे आमचं काम चालू राहणार होतं, फक्त प्रत्येक डबीच्या बुडाशी एक लोखंडी चकती बसवायची होती. शेडमध्ये एकदम कालवा झाला. आमचा जुना फिटर म्हणाला की मग तो दुश्मनालाही सापडेल, बनवायचा कशाला. मला मात्र मनातून पेढे वाटावेसे वाटत होते.

नमुन्याची पहिली चकती साहेबांनी माझ्याकडे दिली आणि मी ऐटीत फाटकाशी गेले. जिज्जीने ती काढून घेतली, पुडी बांधली आणि वर माझा नंबर टाकला. जिनिव्हाचं नाव सांगून पाहिलं. ती म्हणाली, जिनिव्हावाल्यांना इकडे पाठव, त्यांचीही झडती घेते. शेवटी साहेब चिठ्ठी घेऊन धावत आले, दुसरी चकती आणली आणि काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी जिज्जी मुलीच्या बाळंतपणासाठी लांब रजेवर सागरला गेली.

चकत्या रिछाईच्या एका छोट्या वर्कशॉपमधून यायच्या. जेवढ्या डब्या तेवढ्याच चकत्या फाटकाबाहेर मोजून डब्यातून आत येत, आणि शेवटी ट्रे रिकामा झाला की मी सही करायची. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग सीमेवर फौजा जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे ओव्हरटाइम सुरू झाला आणि भावाचा फोन यायचा बंद झाला. तो कुठे आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. आई रेडिओ लावायची आणि बातम्या सुरू झाल्या की उठून स्वयंपाकघरात जायची.

त्याच दिवसांत एका दुपारी लॉट पूर्ण झाला, पेट्या बंद झाल्या, लॉरी दाराशी लागली, आणि माझ्या ट्रेमध्ये एक चकती उरली. एक चकती उरली याचा अर्थ एक डबी चकतीविना, मुकी गेली. साहेब म्हणाले, रिछाईवाल्याने एखादी जास्त टाकली असेल, सही करा, वरून फोनवर फोन येतायत. तसं असूही शकत होतं. पण ती मुकी डबी कुठल्या मातीत जाईल आणि तिच्यावरून कोण चालेल, हे मला दिसत होतं. मी पेन खाली ठेवलं. साहेब चिडले, आवाज चढला, मीही काही गोड बोलले नाही. तेवढ्यात तोच जुना फिटर पुढे आला आणि कुणाला न विचारता पहिली पेटी उघडू लागला.

भोंग्यापर्यंत आम्ही एकेक डबी डिटेक्टरखाली धरली. प्रत्येक डबी बोलली. शेवटची बोलली तेव्हा लॉरीचा ड्रायव्हरसुद्धा हसला. डोंगर पोखरून उंदीरही निघाला नव्हता. मी मान खाली घालून सही केली.

बाहेर पडताना फाटकावर जिज्जी दिसली. त्याच सकाळी कामावर परतली होती. मला पाहताच खुशीत म्हणाली, "तुम्हारी वो चकती वाली पुड़िया रह गई थी हमारे पास. सुबह चकतियों का डिब्बा अंदर जा रहा था, उसी में डाल दी. लोहा था, लोहे में मिला दिया."

मला हसावं की तिच्या गळ्यात पडावं कळेना. दोन्ही केलं.

कित्येक महिन्यांनी फौजा मागे आल्या आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊ घरी आला. दारात बसून त्याने बूट काढले. मी आणि आई, दोघीही त्याच्या पायांकडेच बघत होतो. जेवताना मी त्याला चकतीची गंमत सांगितली, साहेबांची नक्कल करून. आई हसली. तो हसला नाही.

"ताई," तो म्हणाला, "डिटेक्टरचा आवाज आला का आम्ही खाली बसतो. नाही आला का पाय पुढे टाकतो."

मग त्याने आणखी एक पोळी मागून घेतली. मी ती वाढली. माझे डोळे भरून आले होते, पण इतकी सुखी मी क्वचितच असेन.

दुसऱ्या दिवशी फाटकावर जिज्जीने विचारलं, "भैया आ गए?"

"आ गए."

"चलके आए?"

"चलके आए, जिज्जी."

तिने मान हलवली आणि माझ्या अंबाड्यात बोटं घातली. आनंदाच्या भरात मी एक पिन काढायची विसरले होते. तिने ती पुडीत बांधली, वर माझा नंबर लिहिला आणि संध्याकाळी परत दिली.