पाटीवरचा अनुस्वार

वारज्यातल्या एका छोट्या गेम कंपनीत मी चित्रं तपासायचं काम करतो. तेव्हा आमच्या गेममध्ये जुन्या बाजाराची एक गल्ली होती. साध्या लॅपटॉपवर ती अडखळत चालायची. म्हणून चित्र लहान काढायचं आणि पडद्यावर मोठं करून दाखवायचं असं ठरलं. त्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत कडा धारदार यायच्या, पण विजेच्या तारा सतत थरथरायच्या. दुसरी क्षणभर आधी पडद्यावर दिसलेल्या चित्रांची मदत घेऊन सगळं गुळगुळीत करायची, पण धावत्या माणसामागे धूसर सावली राहायची. कुठली ठेवायची, ते मला सोमवारी सांगायचं होतं.

शनिवारभर मी नुसता एकीवरून दुसरीवर जात राहिलो. दर दहा मिनिटांनी मत बदलायचं. जेवणावर लक्ष नव्हतं. रविवारी सदाशिव पेठेत मावशीकडे गेलो, तेही लॅपटॉप घेऊनच. मावशी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासत होती.

"मावशी, काल दिवसभर बघतोय. यातलं कुठलं बरं दिसतं?"

तिनं चष्मा पुसला. पहिलं बघून म्हणाली, "तारांना थंडी वाजतेय वाटतं." दुसरं तिला आवडलं. मी सुटलो असं वाटलं.

"पण एकाच जागी काय उभा आहेस? पुढे चाल की."

मी गेममधल्या गल्लीतून चालायला लागलो.

"थांब. बांगड्यांच्या दुकानावर 'बागड्या' लिहिलंय."

मी थांबलो, तर अनुस्वार जागेवर होता. चाललो, की गायब. कालपासून मी प्रत्येक तुलना उभं राहूनच केली होती.

"काल दिवसभर हेच बघत होतास ना?" मावशीनं विचारलं. मी पुन्हा गल्लीच्या सुरुवातीला गेलो आणि चालत एकेक पाटी बघू लागलो.

सोमवारी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे, खेळताना पाट्या कोण वाचतं?" मी हट्टच धरला. शेवटी दुसरी पद्धत ठेवली आणि आमच्या चित्रकार बाईंनी कुरकुरत सगळ्या पाट्यांवरची टिंबं ठसठशीत करून दिली. चालतानाही ती दिसू लागली.

गेम बाजारात येऊन आता बरेच महिने झाले. मी तो अजून एकदाही शेवटपर्यंत खेळलेलो नाही. कुठेतरी एखादी कड हलल्यासारखी वाटते, आणि मी पुन्हा मागे फिरून बघायला जातो.