एक घर रिकामं

माझे वडील अर्जुना बनसोडे, आमचे आबा, सांगलीतल्या एका बंदुकीच्या दुकानात सत्तावीस वर्षं दुरुस्तीचं काम करत होते. त्याआधी वीस वर्षं ते फौजेत आर्मरर होते. म्हणजे तिथंही हत्यारं दुरुस्तच करायची. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. घरात पाल निघाली तर सुपलीत धरून परसात सोडून यायचे. आणि या माणसाला वेड होतं आखूड नळीच्या, मोठ्या तोंडाच्या रिव्हॉल्व्हरचं.

बाकीच्या हत्यारांचं त्यांना काही नव्हतं. बारा बोअरची बंदूक दुरुस्तीला आली की ती साफ करून, तेल देऊन बाजूला ठेवून द्यायची. "त्यात काय, जागा भरपूर हाय. कुणीबी बनवंल," म्हणायचे. पण जुन्या काळातलं एखादं ठेंगणं बिलायती रिव्हॉल्व्हर आलं, की आबांचा त्या दिवशीचा डबा तसाच परत यायचा. दोन बोटं नळी, तळहातात मावेल एवढं अंग, आणि त्यात अंगठ्याएवढी जाड पाच काडतुसं. ती बसवणाऱ्या कारागिराचं त्यांना फार कौतुक. मला म्हणायचे, "हितं केसभर इकडं-तिकडं झालं की संपलं. काय डोक्याचा माणूस आसंल त्यो, पिंके!"

असली रिव्हॉल्व्हरं फार कमी उरली आहेत. मोठ्या बोअरचं नवं लायसन सहसा मिळत नाही. जी आहेत ती आजोबा-पणजोबांच्या वेळची, वारसानं आलेली. सत्तावीस वर्षांत दुकानात फार तर दहा-बारा आली असतील. त्या प्रत्येकाचं चित्र आबांनी एका वहीत काढून ठेवलं होतं. रविवारी दुपारी खाटेवर बसून, पेन्सिलीनं, एकेका स्क्रूसकट. स्वतःकडं एखादं असावं, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

आईला, म्हणजे हरणाबाईला, हे कधी पटलं नाही. विहारातून वंदना करून आली की ती मुद्दाम त्या वहीसमोर उभी राहायची. "पंचशीलातलं पयलं शील काय सांगतंय, आनि तुमी चितरं कसली काढताय?"

"मी मारत न्हाई, हरणा. बिघडलेलं नीट करतोय."

आई पदर खोचून भाकरी थापायला बसायची. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

आटपाडीकडच्या आप्पासाहेबांचं रिव्हॉल्व्हर आबांचं सगळ्यात लाडकं. आप्पासाहेब डाळिंबाचे बागायतदार. दर वर्षी दिवाळीनंतर ते स्वतः घेऊन यायचे, समोर खुर्ची ओढून बसायचे, आणि आबांचं काम संपेपर्यंत उठायचे नाहीत. दोघांचं गुळपीठ जमलं होतं. घरची सुखदुःखं, पाऊसपाणी, टेंभूच्या कालव्याचं पाणी, सगळं बोलणं व्हायचं, आणि मधे ते रिव्हॉल्व्हर टेबलावर फडक्यावर उघडं पडलेलं असायचं. आप्पासाहेबांच्या चुलत्याकडून ते त्यांच्याकडं आलं होतं. त्यांनी ते कधी झाडलं नव्हतं. पण सांगितलेलं सगळं पाळायचे.

दोन हजार बावीसमध्ये आप्पासाहेब वारले. रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. मुलगा धैर्यशील यानं वारस म्हणून अर्ज केला आणि दीड वर्षं हेलपाटे घालून लायसन आपल्या नावावर करून घेतलं. चोवीसच्या जानेवारीत तो ते घेऊन दुकानात आला. ठाण्यातल्या दमट खोलीत पडून चक्री गंजून घट्ट झाली होती, आणि घोड्याची स्प्रिंग मोडली होती.

"काका, नीट होईल का?" धैर्यशीलनं विचारलं. पस्तिशीचा, शांत, शेतीची पदवी घेतलेला मुलगा. "तुला काय करायचंय त्याचं, असं घरातले म्हणतात. पण वडिलांचं आहे ना. दिवाळीला काढून पुसत बसायचे, तेच डोळ्यापुढं येतं."

आबा म्हणाले, "ठेवून जावा."

असल्या हत्याराची स्प्रिंग आता जगात कुठंही विकत मिळत नाही. आबांनी ती हातानं बनवली. ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेऊन, घासून, तापवून, तेलात विझवून. पहिल्या तीन मोडल्या. सदुसष्ट वर्षांचे होते ते तेव्हा, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एकविसाव्या दिवशी स्प्रिंग बसली. मला विट्याला फोन आला. मी शाळेत तास घेत होते. "ऐक," म्हणाले, आणि फोनजवळ धरून घोडा ओढला. दोनदा टक्‌ टक्‌ असा आवाज आला. आई गेल्यानंतर इतके खुशीत ते मला पहिल्यांदाच वाटले.

धैर्यशील न्यायला आला तेव्हा आबांनी त्याला तासभर बसवून घेतलं. नळी का आखूड, चक्री कशी फिरते, कारागिराचा शिक्का कुठं आहे, स्प्रिंग कशी मोडत गेली, सगळं सांगितलं. धैर्यशील मन लावून ऐकत होता. निघताना वाकून पाया पडला.

आणि या तासाभरात एक गोष्ट सांगायची राहिली.

या जुन्या रिव्हॉल्व्हरांना आतून अडसर नसतो. घोडा थेट काडतुसाच्या पाठीवर टेकलेला असतो. हत्यार हातातून निसटून घोड्यावर पडलं, तर चापाला बोट न लावताही बार उडतो. म्हणून चक्रीत काडतुसांची जी पाच घरं असतात, त्यांपैकी एक घर कायम रिकामं ठेवायचं आणि घोडा त्यावर टेकवायचा. आप्पासाहेबांना आबांनी हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि ते कायम चारच काडतुसं भरायचे. मुलाला ते ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. लायसनवाल्यांना हत्यारं ठाण्यात जमा करायच्या नोटिसा आल्या. धैर्यशील सकाळी दहाच्या सुमारास ते काडतुसांसकट जमा करायलाच निघाला होता. वडिलांच्या जुन्या चामडी म्यानात, कमरेला. म्यानाचं बटण तुटलेलं. अंगणात मोटारसायकलचा स्टँड काढायला वाकला आणि रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं. पाचही घरं भरलेली होती. गोळी मांडीच्या वरच्या बाजूला शिरली. जीपमध्ये घालून मिरजेला न्यायला निघाले, पण भिवघाटाच्या पुढं त्यानं बायकोच्या मांडीवर डोकं टाकलं ते पुन्हा उचललं नाही.

आठवड्यानं पोलीस दुकानात जबाब घ्यायला आले. मी त्या दिवशी सांगलीतच होते. दुकानाचे मालक निमिषशेठ आबांशेजारी उभे होते.

"हत्यार परत देताना काळजी कशी घ्यायची ते सांगितलं होतं ना?" फौजदारांनी विचारलं.

"होय साहेब," निमिषशेठ लगेच म्हणाले. "आम्ही प्रत्येकाला सांगतो."

आबा म्हणाले, "मी न्हाई सांगितलं, साहेब."

फौजदारांनी पेन थांबवलं. "काका, हा अपघात आहे. तुमच्यावर काही येत नाही. कशाला ओढवून घेता?"

निमिषशेठ आबांना बाजूला घेऊन गेले. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. "अर्जुनाकाका, दुकानाचं लायसन जाईल. पाच माणसांची घरं आहेत यावर. गेलेला मुलगा तर परत येणार नाही." निमिषशेठ वाईट माणूस नव्हते. आईच्या आजारपणात तेच रात्रंदिवस धावले होते.

जबाबात लिहिलं गेलं, 'आवश्यक त्या सूचना दिल्या होत्या.' आबांनी सही केली. फौजेत शिकलेली, ठसठशीत, पूर्ण नावाची सही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अवजारांची पेटी दुकानातच ठेवली आणि काम सोडलं.

पुढचे दोन महिने ते माझ्याकडं विट्याला होते. जेवत होते, पेपर चाळत होते, पण विचारल्याशिवाय बोलत नव्हते. मे महिन्यात एका सकाळी अंगावर इस्त्रीचा सदरा घालून म्हणाले, "पिंके, आटपाडीला जायाचं हाय. एकटा गेलो तर दारातनं माघारी यीन. तू चल."

आप्पासाहेबांच्या घरी आम्हाला कुणी उठून जा म्हणालं नाही. धैर्यशीलच्या आई मुक्ताबाई सोप्यात बसल्या होत्या. त्यांनी आबांना ओळखलं आणि पदर डोळ्यांना लावला. सून संयोगिता पाणी घेऊन आली. तिशीतली बाई, केस घट्ट बांधलेले. ती खांबाला टेकून उभी राहिली.

आबांनी पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, "आक्का, मी पोलिसास्नी खोटं सही करून दिलंय. धैर्यशीलरावांना जे सांगायला पायजे हुतं, ते मी सांगितलंच न्हाई. माझी स्प्रिंग बसली, त्या आनंदात इसरलो. त्यांच्या वडलांना सांगितलं हुतं. त्यांना न्हाई."

मुक्ताबाई म्हणाल्या, "आवं, आता काय करता? त्याचं भरलं हुतं. तुमी मनाला लावून घेऊ नगा."

"थांबा, आत्या," संयोगिता म्हणाली. मग आबांकडं वळली. "सांगायला किती वेळ लागला असता?"

"एक वाक्य हुतं, ताई."

"मग आता सांगा."

आबांनी मान वर केली. "आता..."

"सांगा. मला ऐकायचंय."

शेवटी ते म्हणाले, "पाचातलं एक घर रिकामं ठेवायचं. घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायचा."

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

तिनं ते शब्द पुटपुटून पाहिले, पाठ करत असल्यासारखे. मग पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली. आतून मोरीत भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. बराच वेळ येत राहिला. आम्ही निघालो तेव्हाही ती बाहेर आली नाही.

त्यानंतर आबांनी एक काम काढलं. जुन्या वहीतल्या चित्रांखाली गावांची नावं होती. वाई, कराड, जत, शिराळा. पावसाळाभर ते एसटीनं त्या त्या घरी गेले. काही घरांत मालक मरून गेले होते आणि रिव्हॉल्व्हर ठाण्यात पडून होतं. वाईला एका वकिलांनी त्यांना उंबऱ्यातच उभं करून ऐकून घेतलं आणि 'मला माहीत आहे' म्हणून दार लावलं. जतजवळच्या वाडीत एका म्हाताऱ्यानं आतून हत्यार आणून त्यांच्यापुढं ठेवलं. पाचही घरं भरलेली होती. आबांनी एक काडतूस काढून त्याच्या हातात दिलं, आणि तिथंच ओट्यावर बसून रडले. त्या कानडी म्हाताऱ्याला फारसं मराठी येत नव्हतं. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. त्याच्या नातीनं आबांच्या मोबाइलवरून मला फोन लावून विचारलं, तुमचे वडील आजारी आहेत का.

पंचवीसच्या फेब्रुवारीत संयोगिताचा फोन आला. चौकशी मिटली होती, आणि वारस म्हणून तिला रिव्हॉल्व्हर ठेवायचं की सरकारजमा करायचं ते लिहून द्यायचं होतं. "मला ते नको," ती म्हणाली. "पण अर्ज कसा करायचा ते इथं कुणाला माहीत नाही."

आबांनी अर्ज लिहून दिला. तिच्यासोबत ते ठाण्यात गेले, मीही गेले. हवालदारानं मुद्देमालाचं पाकीट फोडलं, पण हत्यार उघडायचं कसं ते त्याला उमगेना. आणि त्या हत्याराची त्याला धास्तीही होती. "काका, रिकामं आहे का एवढं बघून सांगता?"

आबांनी संयोगिताकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

त्यांनी ते हातात घेतलं. बोटं जुन्या सवयीनं चालू लागली. बाजूची झडप उघडली, चक्री एकेक घर फिरवली, प्रत्येक घर उजेडाकडं धरून पाहिलं. "रिकामं हाय," म्हणाले, आणि टेबलावर ठेवलं. संयोगितानं कागदावर सही केली. बाहेर आल्यावर तिनं आबांना नमस्कार केला नाही, रागावलीही नाही. "येते," एवढंच म्हणून रिक्षात बसली.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले होते. बाहेर दोन्ही बाजूंनी माळ. मग त्यांनी माझा हात धरला.

"पिंके, कुणाला सांगू नगंस. हातात घेतलं तवा मला बरं वाटलं गं. चक्री फिरली, स्प्रिंग अजून तशीच हाय, कुठं ढिली न्हाई. त्यो पोरगा त्यानं गेला, त्याची बायकू शेजारी उभी हाय, आनि माझ्या मनात आलं, काय चीज हाय!" त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. "मी कसला माणूस हाय?"

मी माझा दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

आबा आता माझ्याकडंच असतात. सकाळी विहारात जातात, झाडून काढतात, इतर लोक यायच्या आत परत येतात. वही त्यांनी जाळली नाही, फाडली नाही. मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे, ते त्यांना माहीत आहे. त्यांनी ती मागितली नाही. मधे माझ्या मुलीनं, भार्गवीनं, शाळेतल्या प्रदर्शनासाठी त्यांना पेन्सिलीनं मोराचं चित्र काढून द्यायला सांगितलं. त्यांनी कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं, आणि बराच वेळ बसून कागद तसाच कोरा परत दिला. "आता हात न्हाई चालत बाळा," म्हणाले. तिला ते खरं वाटलं.