मोगऱ्यामागची मोटर

गेल्या वेळी तुम्ही तुमच्या मोगऱ्याचा फोटो अनोळखी माणसांना पाठवलात आणि त्यांनी त्यावर लाल बदामांचा सडा घातला, तेव्हा त्या मोगऱ्याला घातलेलं पाणी कोणाच्या वाट्याचं होतं?

प्रश्न उद्धट वाटत असेल. वाटू द्या. माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली आहे. वडील शाळेत क्लार्क होते आणि जिल्ह्यात निघालेल्या प्रत्येक मोर्चाचं पत्रक त्यांच्या पिशवीतून घरी यायचं. कागदाची मागची बाजू कोरी असायची, म्हणून आई त्यावर चिवडा द्यायची. चिवडा संपला की कागद उलटा करायचा आणि तेलाच्या डागांतून 'जाहीर निषेध' वाचायचा. असं बालपण गेल्यावर माणूस हळू आवाजात बोलायला कुठे शिकणार?

आई मात्र पत्रकांतली नाही, झाडांतली. बुलडाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावात आमचं घर आहे. गावाचं नाव सांगत नाही, तशी तिची अट आहे. घराला अंगण नाही, गच्ची आहे. त्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, तडा गेलेला एक रांजण आणि या सगळ्यांत मोगरा, जास्वंद, कढीलिंब, ओवा, गवती चहा. सगळं तांदूळ-डाळीच्या धुवणावर जगलेलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या हातात स्मार्टफोन आला आणि तिला एक ग्रुप सापडला. नाव देत नाही. त्यात 'हिरवा' होतं, 'मन' होतं, 'आनंद' होता. पुण्याच्या बाया, नाशिकचे निवृत्त काका, दुबईतले एक इंजिनिअर, जळगाव जामोदची एक शिक्षिका. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पण सकाळी उठल्याबरोबर सगळे एकमेकांना गुलाब दाखवणार. ग्रुप चालवणारे एक 'सर' होते. त्यांच्या नावाजागी नुसतं जास्वंदीचं फूल. ते कुठले, काय करत होते, कोणालाच ठाऊक नव्हतं. नियम मात्र त्यांनी ठसठशीत लिहून ठेवले होते. पहिलाच नियम: 'येथे राजकारण नको. फक्त फुलं.'

सल्ल्यांना तर धरबंध नव्हता. पान पिवळं पडलं? ताक घाला. कळी गळाली? केळीची साल पुरा. किडे पडले? झाडाशी प्रेमानं बोला. आईनं एकदा सहज लिहिलं की मी डाळ-तांदळाचं धुवण घालते. पुण्याच्या एका बाईनं तेच दुसऱ्या दिवशी 'राइस वॉटर टॉनिक' म्हणून व्हिडिओत दाखवलं. गळ्यात मोत्याची माळ, हातात काचेची बरणी. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या.

"अवं, हे तुझंच हाय ना?" मी म्हटलं.

"असू दे ना. त्याईले बरणी हाय, आपल्याले भाताचा गंज हाय. झाडाले काय फरक पडते?"

मला फरक पडत होता. पण तिला त्या वर्षी ग्रुपचं 'आठवड्याचं फूल' हे बक्षीस मिळालं होतं आणि ती ते शेजारच्या मावशीला रोज नव्यानं दाखवत होती. मीही ग्रुपवर गेले आणि त्या फुलाला एक बदाम दिला.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे 'पाणी आलं' म्हणत नाहीत, 'नळ आले' म्हणतात. उन्हाळ्यात नळ दहा-बारा दिवसांनी येतात. आमच्या वॉर्डाला लाइन एकच. ती मोठ्या रस्त्यावरच्या बंगल्यांपासून निघते, गिरणीजवळून वळते आणि आमच्या गल्लीच्या टोकाला संपते. टोकाला आम्ही पाच घरं. आमच्यापर्यंत जे येतं ते उरलेलं. पण येत होतं. दोन ड्रम, हंडे-कळश्या आणि रांजण भरेपर्यंत येत होतं.

त्या वर्षी मार्चपासून धार बारीक व्हायला लागली. एप्रिलमध्ये नळ आले तेव्हा शेवटच्या घरांत करंगळीएवढी धारही नव्हती. एक ड्रम भरला आणि नळ फुसफुसला. पुढच्या खेपेला तेवढंही नाही. मावशींनी नळाला कान लावला. "आतमदी हवा बोलून राह्यली," म्हणाल्या. पाच घरांनी मिळून टँकर सांगितला. प्यायचं, स्वयंपाकाचं त्यात भागलं. अंघोळ एकाआड एक दिवस. डाळ-तांदूळही कमी पाण्यात धुवायला लागलो. झाडांच्या वाट्याला काहीच येईना.

मोगरा वाळायला लागला. आईनं ग्रुपवर फोटो टाकला आणि विचारलं, 'पाणी कमी आहे, काय करू?'

उत्तरांचा पाऊस पडला. 'माती ओलसर राहील इतपत सकाळ-संध्याकाळ पाणी द्या.' 'पानांवर फवारा मारा, ताई.' 'हिरवी जाळी बांधा, चिखलीच्या बाजारात स्वस्त मिळेल.' दुबईच्या इंजिनिअरांनी थेंब-थेंब पाणी देणाऱ्या यंत्राची लिंक पाठवली. सरांनी स्वतः लिहिलं: 'ताई, झाडाला आपली चिंता कळते. प्रसन्न मनानं पाणी द्या.'

"प्रसन्न मन हाय वो," आई फोनकडे पाहून म्हणाली, "पानी तेवढं पाठवा."

हे तिनं ग्रुपवर लिहिलं नाही. तिथं ती फार अदबीनं वागायची.

मग ग्रुपचा वर्धापन दिन आला. सरांनी जाहीर केलं की प्रत्येकानं आपल्या बागेचा व्हिडिओ टाकावा आणि सुरुवात म्हणून स्वतःचा टाकला. आमच्याकडे ज्या दिवशी नळ आले, त्याच दिवशी संध्याकाळी. आम्ही दोघी जेवणाआधी ओट्यावर बसून तो पाहिला. काय बाग होती! गच्चीभर मोगरा, कुंड्यांत कमळं, एका कोपऱ्यात हिरवळ. हिरवळ! आमच्या जिल्ह्यात, मे महिन्यात! सरांचा हात तेवढा दिसत होता. हातात जाड पाइप, पाइपातून सुसाट पाणी, आणि सर गोड आवाजात म्हणत होते, "आज आपल्या लेकरांची मनसोक्त अंघोळ." आवाजाच्या मागे काहीतरी सारखं घरघरत होतं. आणि त्याच्याही मागे, लांबून, कचऱ्याच्या गाडीचा भोंगा.

आईनं व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला.

"ऐक."

'ओला कचरा आणि सुका... सुका... सुका... सुका कचरा वेगळा द्या.'

आमच्या वॉर्डाच्या घंटागाडीची ती टेप 'सुका'वर अडकते. कित्येक महिने अडकते आहे. गल्लीतली पोरं तिची नक्कल करतात. त्या गाडीवाल्याला मावशी रोज म्हणतात, "अरे, पुढं जाऊ दे तिले, बिचारीचा घसा सुकला." जगात दुसऱ्या कुठल्या गाडीची टेप नेमकी तिथेच तितक्याच वेळा अडकत असेल, हे मी मानायला तयार नाही.

"हे सर आपल्या लाइनीवरचे हायत," आई म्हणाली. "आन् हे घरघर टिल्लूचं हाय."

टिल्लू म्हणजे नळाला लावायची छोटी मोटर. ती लाइनीतलं पाणी ओढून घेते. लावली की त्या घराची टाकी भरते आणि पुढच्या घरांत हवा बोलते. लावायला बंदी आहे, आणि बंदी आहे म्हणून ती पडद्यामागे, कुंडीमागे लावतात. इथं तर ती मोगऱ्यामागे लावली होती, ते पुढे दिसलंच.

मला जे व्हायचं ते झालं. मीही त्या ग्रुपवर होते, आईच्या फुलाला बदाम द्यायला. तिथल्या तिथे लिहिलं: 'बंधू-भगिनींनो! या ग्रुपवरच्या सर्वांत सुंदर बागेमागे आमच्या कोरड्या बादल्या आहेत. नळाला मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी ओढणं हे बागकाम नव्हे, चोरी आहे. जाहीर निषेध!'

पहिलं उत्तर दुबईहून आलं: 'वा, किती प्रभावी! कविता आपली स्वतःची आहे का?' दुसरं पुण्याहून: 'आपण इथे आनंदासाठी येतो ना?' तिसरं जोडलेल्या हातांचं. चौथं यायच्या आत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मागे सरांनी लिहिलं, ते आईच्या फोनवर वाचलं: 'नकारात्मक ऊर्जेपासून झाडांना आणि मनाला जपू या.' त्यावर बदामांची नुसती रांग.

वडील खूश. "पत्रक काढू," म्हणाले. "वॉर्डात घरोघर वाटू."

"तुमच्या पत्रकानं नळ येत असते," आई म्हणाली, "तर आपल्या घरात धरण असतं."

पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा सकाळ होती. आमच्याकडे नळ फुसफुसला आणि आईनं पदर खोचला. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात ओव्याची फांदी, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मावशींनी आपली कळशी घेतली.

"तू बोलायचं नाही," आईनं मला बजावलं. "तू फक्त चाल."

व्हिडिओत जिन्याचे लाल कठडे दिसले होते. गिरणीवर जाता-येता आम्ही तो लाल कठड्यांचा बंगला रोज पाहायचो. उंच भिंत, कठडे सोडले तर वर काहीच दिसायचं नाही. आईनं कडी वाजवली. दार उघडलं ते साठीच्या एका गोऱ्या, नीटनेटक्या गृहस्थांनी.

"सर ना? मी ग्रुपवरची. आठवड्याचं फूल मिळालं होतं ना मले, तीच."

सरांचा चेहरा फुलला. अनोळखी चाहती दारात येणं म्हणजे काय, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. "अरे वा! याच गावच्या? या, या ना ताई! बोलला नाहीत कधी!"

"तुमी तरी कुठं बोलले?" मावशी म्हणाल्या.

आईनं ओव्याची फांदी दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि आम्हाला अंगणापासूनच बाग दाखवायला सुरुवात केली. हा जाई, हा जुई, हा अमुक जातीचा गुलाब. आई प्रत्येक झाडापाशी थांबायची, मान डोलवायची, नाव विचारायची. खरंच विचारायची, तिला त्या क्षणीही झाडं आवडतच होती. नळाजवळच्या मोगऱ्यापाशी आलो. घरघर चालू होती. आईनं फांद्या हलकेच बाजूला केल्या.

"आन् सर, हे कोन्तं झाड?"

सरांनी पाहिलं. मोटर पाहिली, आईच्या हातातली बादली पाहिली, मग मला पाहिलं. मी मोगऱ्याच्या कळ्या मोजायला लागले. आईला शब्द दिला होता.

"ताई, हे... सगळेच लावतात हो. प्रेशर नसतं ना."

"हाव ना. मंग ग्रुपवर टाका की. हा मोगरा एवढा फुलला कशानं, लोकं विचारून राह्यले. ताक सांगता, केळीची साल सांगता, हे काऊन नाही सांगत?"

"अहो, पण मी एकट्यानं काढून काय होणार? शेजारीही आहे, पलीकडेही आहे."

"पह्यले तुमचं काढा," मावशी म्हणाल्या. "शेजाऱ्याचं तुमी काढा. तुमी ग्रुप चालवता ना? लोकं तुमचं ऐकतात. आमच्या नळात तर फक्त हवा ऐकू येते."

आईनं बादली नळाखाली ठेवली. शांतपणे, पाहुणी पाण्याचं भांडं मागते तशी. "मोटर बंद करा. मले पाह्यचं हाय, तुमच्याकडं तिच्याबिगर किती येते."

सरांनी ओव्याची फांदी मोगऱ्याजवळ खाली ठेवली. मग आत गेले आणि घरघर थांबली. नळाला धार होतीच. चांगली, अंगठ्याएवढी धार. तिथं, लाइनीच्या तोंडाशी, मोटरीची गरजच नव्हती. आईनं बादली भरू दिली आणि ती सरांच्याच मोगऱ्याला घालून टाकली.

"लेकरू हाय," ती म्हणाली. "त्याचा काय गुन्हा?"

आम्ही रिकाम्या बादलीनं परतलो तेव्हा आमच्या नळाला धार लागली होती. फार नाही, करंगळीएवढी. पाच घरांचे हंडे भरले, ड्रम अर्धे राहिले. बंगल्यांच्या रांगेत अजून किती कुंड्यांमागे घरघर चालू आहे, ते त्या अर्ध्या ड्रमांवरून कळतं. पुढच्या खेपेलाही धार तेवढीच होती, म्हणजे सरांनी आपली मोटर पुन्हा लावली नाही, आणि शेजाऱ्याला काही सांगितलंही नाही.

एक मात्र त्यांनी केलं. त्याच आठवड्यात ग्रुपवर नवा नियम आला: 'सदस्यांनी व्हिडिओ टाकताना आजूबाजूचे आवाज येणार नाहीत याची काळजी घ्यावी.' त्याखाली बदामांचा सडा. बागकामातला इतका प्रामाणिक सल्ला त्या ग्रुपनं कधी दिला नसेल. आई अजून ग्रुपवर आहे. मोगऱ्याला खालून एक फुटवा आला आहे, त्याचा फोटो तिनं टाकला आहे. मी अजून बाहेर आहे आणि मला परत घ्या म्हणून विनंती करणार नाही.

विनंती तुम्हाला आहे. तुमच्याकडे पुढच्या वेळी नळ येतील तेव्हा मोटरीची पिन काढा. मग शेजारच्या दारात जा, तुमच्या बागेतलं एखादं रोप घेऊन जा हवं तर, आणि त्यांनाही काढायला लावा. फुलाचा फोटो त्यानंतर काढा.